शेवटचा नंबर

भाईंदर पूर्व
२२ जून २०२५

संघर्ष, जय भीम.

फोन तू उचलत नाहीस. मेसेजला दोन दिवसांनी निळ्या खुणा येतात आणि पुढे सगळी सामसूम, म्हणून आता हे पत्र. पोस्टातल्या माणसाकडे पाकीट मागितलं तर त्याने दोनदा विचारलं, मॅडम, कुरियर नहीं करना? मी म्हटलं, नहीं भैया, ये आदमी कुरियरवाले को भी नहीं मिलेगा. ज्ञानदेवकाकांच्या दुकानाच्या पत्त्यावर टाकतेय. काका आधी उघडून वाचणार हे मला माहीत आहे. काका, तुम्हालाही जय भीम. वाचून झालं की पुतण्याच्या हातात द्या, गल्ल्याखाली ठेवून विसरू नका.

फेब्रुवारीत चार दिवस गावी जाऊन येतो म्हणालास. जून संपत आला. तुझ्या लिफ्टच्या कंपनीतून फोन आला की मी कावीळ झालीय म्हणून सांगत होते. परवा साहेब म्हणाला, वहिनी, एवढी लांबलचक कावीळ कोणाची नसते, खरं काय ते सांगा. खरं मला तरी कुठे धड सांगता येतंय? घरात मी आणि यशू, दोघीच. ती दुसरीत गेली. शाळेच्या पहिल्या दिवशी सगळ्यांचे पप्पा गेटवर मोबाईल धरून उभे, आणि ही माझा हात सोडून तरातरा आत निघून गेली. घरी आल्यावर मला विचारते, पप्पा सुयोगकाकाला आणायला गेलेत का? आता काय सांगू हिला, तूच सांग.

सुयोग सुळक्यावरून पडला त्याला पाच महिने झाले. तुझा जिवलग होता, मान्य. पण आठवड्यातून तीनदा माझ्या हातचं जेवून "वहिनी, मीठ कमी" म्हणणारा तो माझाही कोणीतरी होताच. मीही त्याच्यासाठी रडलेय. फरक एवढाच की मी डोळे पुसून दुसऱ्या दिवशी कामाला गेले, आणि तू त्याच्या तेराव्यालासुद्धा राईला, त्याच्या घरी, न जाता थेट परभणी गाठलंस. तिकडे नजर पोचेल तिथवर सपाट जमीन आहे, डोंगर म्हणून औषधाला नाही. म्हणूनच तू तिथे जाऊन बसलायस, हे न कळण्याइतकी मी भोळी नाही.

आता मुद्द्याचं. आमच्या लॅबमधल्या हंसाबेनचा स्कूटीवरून पडून हात मोडला, त्यामुळे राईच्या बाजूचं घरोघर जाऊन रक्त घ्यायचं काम माझ्यावर आलं. सिल्व्हर पार्कातल्या लॅबमधून निघतानाच मोबाईलवर नावं येतात. तिसरं नाव होतं पार्वतीमावशीचं, उपाशीपोटी साखर. सुयोगची आई. मला वाटलं, पोट दुखतंय सांगून परत फिरावं. नाही फिरले. अंगणात त्याच्या मंडपाच्या धंद्याचं सामान अजून तसंच आहे, बांबू, खांब, सोनेरी कापडाचे गठ्ठे, वर निळं प्लास्टिक. स्वतःच्या लग्नाचा मांडव स्वतःच घालणार म्हणून त्याने सगळं नवं आणलं होतं ना, ते. त्याचे वडील, रघूकाका, पडवीत बसले होते, त्यांनी मान हलवली फक्त. मावशीने मला ओळखलं. हात पुढे केला आणि विचारलं, "संघर्ष कवा येनार?" मी म्हटलं, कामासाठी गावी गेलाय, येईल. रक्त देऊन झाल्यावर त्या आत गेल्या. चहा पिऊनच जा म्हणाल्या, त्यांनी स्वतः मात्र घेतला नाही.

मला बाकी काही नको, तू घरी ये. काय झालं, कसं झालं ते आपण दोघं मिळून बघू. यशूने खाली चित्र काढलंय, तो त्रिकोण म्हणजे डोंगर नाही, तंबू आहे, असं तिने बजावून सांगायला लावलंय.

तुझी,
पंचशीला


भाईंदर पूर्व
३ ऑगस्ट २०२५

संघर्ष,

तुझं पत्र आलं. त्याला पत्र म्हणायचं की चिठोरं, मला प्रश्न पडला. "पार्वतीमावशीला शेवटच्या नंबराचं सांगू नकोस. मला सोडून दे. यशूला पापा." झालं. नऊ वर्षांच्या संसाराला एवढ्यात गुंडाळलंस. सोडून दे म्हणजे काय रे? मी काय दोर धरून उभी आहे, सोडायला?

बरं, नाही सांगत. आजवर नाही सांगितलं. पण मला तरी तू नीट कुठे सांगितलंस? जायच्या आदल्या दिवशी जिन्यात उभा राहून, खाली बघत, तुकड्या-तुकड्यात बोललास. तेच मी इतके दिवस जोडत बसलेय. आज लिहूनच काढते, माझं काही चुकलं असेल तर तसं कळव.

तुमच्या खाडीकाठ ग्रुपमध्ये रीत अशी की सुळक्यावरून सगळ्यांत शेवटी लीडरने उतरायचं. बाकीचे उतरेपर्यंत वर एक जादा दोर बांधलेला असतो, कड्यात ठोकलेली मुख्य मेख निघालीच तर तो धरेल म्हणून. शेवटच्या माणसाने तो सोडून घ्यायचा, कारण सामान वर ठेवून यायचं नाही, आणि मग एका मेखेच्या भरवशावर खाली यायचं. म्हणजे सगळ्यांत वाईट नंबर. आणि तुम्हा सगळ्यांना हवा असतो नेमका तोच. का, तर बाकीचे खाली गेल्यावर वर थोडा वेळ एकट्याला मिळतो. आख्खं शिखर एकट्याचं. बरोबर ना? तू लीडर, म्हणून तो नंबर कायम तुझा, आणि सुयोग कायम तुझ्यावर जळायचा. माझ्यासमोर भांडलायत तुम्ही त्यावरून, मटण खाता खाता.

घारखुंट्याच्या सुळक्यावर त्या दिवशी तू त्याला म्हणालास, लग्नात मी तुला काय देणार, घे, आजचा शेवटचा नंबर माझ्याकडून आहेर. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याने तुझ्या पाया पडायचं नाटक केलं. तू त्याच्या आधी उतरलास. आणि त्याच्या वेळेला मेख निघाली.

मग तू म्हणालास, ती मेख मीच ठोकून बघितली होती, ती माझ्या नावाची होती. त्यानंतरचं तुझं एक वाक्य मला इथे लिहवत नाही.

संघर्ष, आता मी एक लिहितेय ते काकांनी वाचलं तरी वाचू देत. गेल्या महिन्यात मी परत राईला गेले. मावशीचा हात हातात धरला होता, शीर सापडत नव्हती, आणि त्या म्हातारीच्या सुरकुतलेल्या दंडाला रबर बांधताना माझ्या मनात आलं, बरं झालं माझा नाही गेला. तिच्यासमोर बसून आलं. मला स्वतःची इतकी शिसारी आली की सुई दोनदा चुकली. त्यांनाच कळलं काहीतरी, त्या म्हणाल्या, घाई नको करू बाय. हे घेऊन मी रोज झोपते. आणि तुला वाटतं तुला एकट्यालाच काहीतरी पोखरतंय.

तू तिथे सपाट जमिनीवर बसून स्वतःला शिक्षा देतोयस. पण भोगतंय कोण? यशू भोगतेय, मी भोगतेय. आमचा काय गुन्हा आहे ते मला पत्रात लिहून कळव, चिठोऱ्यात नको.

पंचशीला


भाईंदर पूर्व
१२ ऑक्टोबर २०२५

संघर्ष,

दोन महिने झाले, तुझं उत्तर नाही. ज्ञानदेवकाकांचा फोन आला होता, तू सोयाबीनच्या कापणीला जातोस म्हणाले, जेवतोस, दाढी वाढवलीयस, बोलत नाहीस. पोरगं पार मुकं झालं म्हणाले. माझ्यापाशी तरी कुठे बोलत होता, असं मी म्हणणार होते, पण काकांचा आवाज रडवेला झाला होता.

यशूने नवा उद्योग काढलाय. दाराच्या चौकटीला दोन्हीकडून हातपाय लावायचे आणि सरसर वर चढायचं, डोकं वरच्या पट्टीला लागेपर्यंत. काल भाकरी टाकताना मागे बघते तर बाई माझ्या डोक्याच्या वर. मी किंचाळले, ती दचकली, पण पडली नाही, तशीच सावकाश उतरली. मी रागाच्या भरात तिच्या पाठीत धपाटा घातला. मग विचारलं, कशाला चढतेस ग? म्हणाली, वरून किचन वेगळं दिसतं. एवढंच. आता हिला मी काय करू? तुझंच रक्त.

पण तिच्या त्या उत्तराने मी दिवसभर विचार करत राहिले. लग्न झाल्यापासून मी तुला एकच विचारत आलेय, की काय आहे तिथे वर? आणि तू कधी हसलास, कधी चिडलास, कधी नुसताच कुशीवर वळलास. मला वाटायचं, मी कमी पडते. ज्याला घरात बायको-पोर पुरत नाही तोच असल्या ठिकाणी जीव टांगायला जातो, असं माझी आई म्हणायची आणि मला ते पटायचं. आजही पूर्ण गेलेलं नाही ते. तू दोर भरायला घेतलास की मी भांडी आपटत राहायचे, आणि तू मात्र शीळ घालायचास. त्या शिळेचा मला किती राग यायचा ते तुला कधी कळलंच नाही.

सुयोगने मात्र एकदा सांगितलं होतं. तू आंघोळीला गेला होतास, तो ओट्यापाशी उभा राहून काकडी खात होता. म्हणाला, वहिनी, माझा जन्म दुसऱ्यांच्या लग्नात गेला, चोवीस तास माणसं, डीजे, आरडाओरडा. घरी गेलो तरी दारात चार माणसं. वर मी माझा असतो. मी म्हटलं, मग गच्चीवर जाऊन बस, मरायला सुळक्यावर कशाला जायचं? तर म्हणाला, गच्चीवर भीती नाही ना. खाली हजार गोष्टींची थोडी थोडी भीती वाटत राहते, पाणी येईल का, धंदा होईल का, बाप काय बोलेल. वर एकाच गोष्टीची वाटते, आणि ती समोर असते. तेवढा वेळ बाकी सगळं गप्प.

मला तेव्हा ते फिल्मी वाटलं होतं. मी त्याला म्हटलं, काकडी संपव आणि ताटं घे. आता वाटतं, बसवून घ्यायला हवं होतं त्याला, अजून विचारायला हवं होतं. कारण तूही तसाच आहेस ना? दिवसभर लिफ्टच्या अंधाऱ्या खड्ड्यात लोंबकळायचं, घरी दहा बाय बाराची खोली, खाली भाजीवाल्यांचा गलका. आणि तू तर असंही म्हणाला होतास एकदा, की वर कोणी आडनाव विचारत नाही. राईच्या जमीनवाल्याचा पोरगा सुयोग आणि तू, एका दोराला. मला तेही समजतं. संघर्ष, मला जवळजवळ सगळं समजायला लागलंय, आणि तू मात्र इथे नाहीस.

एक बातमी. तुमच्या ग्रुपचा स्वप्नील घरी आला होता. घारखुंट्याच्या पायथ्याला सुयोगच्या नावाची संगमरवरी पाटी लावायचं ठरलंय. पाऊस संपला की नोव्हेंबरात जायचं. पार्वतीमावशी म्हणतात त्यांनाही यायचंय. चालत. मला म्हणाल्या, तू पन चल. मी हो म्हटलंय.

तू येशील? पाटी लावायला तरी ये.

पंचशीला


भाईंदर पूर्व
२४ नोव्हेंबर २०२५

संघर्ष,

काल घारखुंट्याला जाऊन आलो. मुरबाडच्या पुढपर्यंत गाडी, मग दोन तास चाल. मावशी माझ्यापेक्षा चपळ, मिठागरात काम केलेले पाय आहेत त्यांचे. रघूकाका आले नाहीत. हवा चांगली होती. सगळ्यांनी भाकरी-ठेचा खाल्ला. स्वप्नीलने तुझी चौकशी केली.

माझे पाय दुखतायत म्हणून आज जास्त लिहीत नाही. बाकी विशेष काही नाही.

पंचशीला


भाईंदर पूर्व
१४ डिसेंबर २०२५

संघर्ष,

मागच्या पत्रात मी विशेष काही नाही लिहिलं ते साफ खोटं होतं. पाय वगैरे काही दुखत नव्हते. तुला कसं सांगायचं तेच सुचत नव्हतं, म्हणून तीन आठवडे काढले. आता सांगते. बसून वाच.

पायथ्याशी पोचलो तेव्हा मावशी त्या सुळक्याकडे नुसत्या बघत राहिल्या. मीही पहिल्यांदाच बघत होते. फोटोत तो एवढा उभा वाटत नाही. माझ्या मनात आलं, ह्याच्यावर माझा नवरा हौसेने चढतो, आणि मी त्याच्याकडे पाठ केली. मावशींनी मात्र एकेक विचारायला घेतलं. कुठून चढले, कुठे बसले, कुठून खाली आले. स्वप्नील बिचारा हात दाखवून सांगत होता. आधी कोण उतरलं, मग कोण, सगळं. त्याला बरं वाटत होतं, कोणीतरी न रडता विचारतंय म्हणून. आणि त्या ओघात तो म्हणून गेला, मावशी, आमच्यात शेवटी लीडरच उतरतो, तो नियमच आहे.

मावशी म्हणाल्या, "लीडर कोन व्हता?"

स्वप्नील पाटीची दोरी सोडायला लागला. बाकीची पोरं त्याला मदत करायला. सगळ्यांना माहीत होतं रे. पंचनाम्यात मेख निघाली एवढंच आलं, ते खरंच होतं, आणि नंबराचं कोणी विचारलंच नाही, म्हणून कोणी बोललं नाही. ते तुला वाचवण्यासाठी गप्प राहिले, हेही तुला कळू दे. मावशी एकेकाच्या तोंडाकडे बघत माझ्यापर्यंत आल्या आणि माझ्यावर थांबल्या. म्हणाल्या, "तुझा नवरा व्हता ना लीडर? मंग माझा पोर कनाला मागं रायला?"

तू सांगू नकोस म्हणाला होतास. मला ते आठवत होतं. पण संघर्ष, ती बाई दहा महिने ह्या समजुतीत होती की तिच्या पोराचा पाय घसरला, पंचनामा तिला कोणी वाचून दाखवलाच नव्हता. कोणीतरी तिला सांगितलं होतं, चूक त्याचीच असणार, लग्नाच्या नादात लक्ष नसेल. ती ते खरं मानून बसली होती. मी सांगितलं. आहेराचं सांगितलं, टाळ्यांचं सांगितलं, मेखेचं सांगितलं. तो नंबर त्याला हवा होता, वर्षानुवर्षं हवा होता, हेही सांगितलं. तू जिन्यात जे शेवटचं वाक्य बोलला होतास तेही सांगितलं, की तू खाली दोरापाशी उभा होतास, बाकीचे खिंडीत सामान भरायला गेले होते, आणि तो वर एकटा बसून गात होता. आणि मग गाणं थांबवून "येतोय रे" म्हणाला.

मावशी खाली बसल्या. पाटीवरच्या नावावरून हात फिरवला. मग स्वप्नीलला म्हणाल्या, हा दगड लावू नका, परत न्या. नाव दिसलं की पोरं फोटो काढायला येतात आणि मग वर बघतात. कोणी वाद घातला नाही. पाटी आता आपल्या कपाटामागे उभी आहे, जुन्या चादरीत गुंडाळून, कारण ती घरी न्यायला दुसरं कोणी तयार होईना. परतीची वाट त्या माझ्यापासून अंतर ठेवून चालल्या. मी हात द्यायला गेले तर हात घेतला नाही.

त्यानंतर लॅबच्या यादीत त्यांचं नाव आलं नाही. मी चौकशी केली, तर त्यांनी दुसरी लॅब धरलीय म्हणे.

तू माझ्यावर चिडशील. चीड. पण मी तुझ्या वतीने त्या बाईला किती दिवस फसवणार होते? तिचा हात हातात घेऊन? मला ते आणखी जमलं नसतं. तू समोर असतास तर तू सांगितलं असतंस, तू नव्हतास म्हणून माझ्यावर आलं.

पंचशीला


भाईंदर पूर्व
४ जानेवारी २०२६

संघर्ष,

हे पत्र मी रजिस्टर करून पाठवतेय. काका, हे मात्र तुम्ही उघडू नका. उघडलंच तर लगेच शेतात त्याच्याकडे घेऊन जा.

काल पार्वतीमावशींचं नाव परत यादीत आलं. मी गेले. दारात पाय ठेवेपर्यंत मला वाटत होतं, ह्या आता मला हाकलणार. त्यांनी चटई टाकली, हात पुढे केला. मी रक्त घेतलं, कापूस लावला, तरी त्या हात मागे घेईनात. मग म्हणाल्या, "काय गात व्हता तो?"

मला माहीत नव्हतं. मी तसं म्हटलं. त्यांनी मला गाऊन दाखवायला सांगितलं, चाल तरी सांग म्हणाल्या. मी जेवढं जमलं तेवढं गुणगुणले, ते का येत होतं ते पुढे लिहिते. त्यांनी लगेच ओळखलं, धवला होता. हळदीला, मांडवाला आगऱ्यांच्या बायका गातात तो. तुला माहीत असेलच, पार्वतीमावशी राईची धवलारीण, तिथलं लग्न त्यांच्या गाण्याशिवाय लागत नाही. सुयोग पोरसवदा होता तेव्हापासून त्यांच्याबरोबर मांडवाखाली बसायचा, त्यामुळे पुरुष असून त्याला सगळे धवले पाठ, आणि पोरं त्यावरून त्याची टर उडवायची. म्हणून कोणासमोर गायचा नाही म्हणे. मी इतकी वर्षं त्याला जेवायला वाढलं, मला कधी कळलं नाही.

पण चाल सगळ्यांची तीच असते. कोणता धवला ते शब्दांवरून ओळखायचं, आणि शब्द मला सांगता येईनात.

तेव्हा मावशींनी सांगितलं ते असं. पूर्वी येऊन गेली त्यांच्याकडे. सुयोगची पूर्वी, त्याच्याशी लग्न ठरलं होतं ती. तिच्या घरच्यांनी तिचं लग्न वसईकडे ठरवलंय, फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात हळद. ती पोरगी त्यांच्या पायाशी बसून रडली आणि म्हणाली, माझ्या हळदीला तुम्हीच गायचं, दुसरी धवलारीण मला नको. एका वर्षात मावशींनी तोंडातून सूर काढलेला नाही. कोणाच्या मांडवात गेल्या नाहीत. पण पूर्वीला त्यांना नाही म्हणवलं नाही.

पुढचं त्यांच्याच शब्दांत लिहितेय, मी घरी येईपर्यंत मनात घोकत आलेय.

म्हणाल्या, "पूर्वीसाठी गाईन मी. तिचा काय दोस? पन सुयोग वर बसून जो गात व्हता, तो आता मी कोनाच्या मांडवान म्हननार न्हाय. तो त्याचा झाला. तो कंचा हाय ता मना ठावं न्हाय. म्हनून मना एक पन म्हनता येत न्हाय. तोंड उघारला का वाटतं, ह्योच असल."

मी म्हटलं, मावशी, मी त्याला आजच लिहिते, तो कळवेल.

तर म्हणाल्या, "चिठीन नको. फोनवर पन नको. त्यानं माझ्या समोर बसून म्हनाचा. आन मी त्याला माफ करीन, असा लिवू नको. ता मना जमाचा न्हाय. माझे मनान त्याच्यावर लय राग हाय, तो आला तरी ऱ्हानार. पन माझ्या पोराचा शेवटचा त्यानंच आयकलाय. दुसरा कोन हाय?"

रघूकाका दारात उभे होते. ते पहिल्यांदाच बोलले. म्हणाले, येऊ दे त्याला, कोन हात लावनार न्हाय. आणि परत पडवीत जाऊन बसले.

मी तुला आता घरी ये म्हणत नाही. ते म्हणून म्हणून माझी जीभ झिजली. यशूसाठी ये, माझ्यासाठी ये, हेही नाही. आमच्यासाठी तुला यायचं असेल तर तू येशील, नाहीतर मी आणि ती बघू काय ते. मी अजून तुझ्यावर चिडलेली आहे आणि तू आलास तरी काही दिवस चिडलेलीच राहीन, हेही आधीच सांगून ठेवते. आणि तुझी आठवण येते, फार येते, जेवताना सगळ्यांत जास्त. पण हे पत्र त्यासाठी नाही.

राईला ये. हळदीच्या आधी ये. सरळ स्टेशनवरून रिक्षा करून जा, आधी घरी यायलाच हवं असं नाही. मावशीसमोर बस, ती काय बोलेल ते ऐकून घे, आणि ते म्हण.

मी मावशींना तू येशील असं सांगितलेलं नाही. लिहिते, एवढंच म्हटलंय. तू नाही आलास तर पूर्वीच्या हळदीला पार्वतीमावशी मांडवाखाली तोंड मिटून बसतील, आणि का, ते रघूकाकांशिवाय फक्त मला माहीत असेल.

आणि तुला आता ते आठवत नाही, असं मला लिहू नकोस. जायच्या आधी कितीतरी दिवस तू झोपेत, पुसट शब्दांत, त्याच चालीवर तेच म्हणत होतास, आणि मी शेजारी जागी होते.

पंचशीला